घरी बांधलेले विमान आणि तारांचा गुंता

इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थकारण असे भारदस्त विषय ज्या ज्ञानसत्रात मांडले जातात, तेथे विमानातल्या वायरिंगवर एक तास खर्च करावा हे काहींना चमत्कारिक वाटेल. त्यातून विमानही एखाद्या मोठ्या कारखान्यात तयार झालेले नव्हे, तर एखाद्या हौशी गृहस्थाने आपल्या घरच्या शेडमध्ये बांधलेले. तथापि या विषयाच्या मुळाशी एक मोठा प्रश्न आहे. ज्या वस्तूवर आपला जीव अवलंबून असतो ती गुंतागुंतीची वस्तू माणसाने आपल्या आकलनाच्या कक्षेत कशी ठेवावी, हा तो प्रश्न होय. विमान हे त्याचे केवळ एक उदाहरण आहे. पण फार बोलके उदाहरण आहे.

प्रथम विमान घरी बांधतात म्हणजे काय, ते पाहू. अमेरिकेत 1953 साली पॉल पोबेरेझनी यांनी विस्कॉन्सिन राज्यात हौशी विमानबांधकांची एक संघटना स्थापन केली. 1970 पासून तिचा वार्षिक मेळा ओश्कोश या गावी भरतो आणि त्या आठवड्यात त्या परिसरात हजारो विमाने उतरतात. तेथील कायद्याने अशा विमानाला ‘प्रायोगिक’ वर्गात परवाना मिळतो. अट एवढीच की, बांधणीचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी केलेले असावे. रिचर्ड व्हॅनग्रन्स्व्हन यांच्या कंपनीने पुरवलेल्या सुट्या भागांतून व नकाशांतून बांधलेली दहा हजारांहून अधिक विमाने आजवर उडालेली आहेत. आपल्याकडेही हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले आणि 2017 साली त्याची रीतसर नोंदणीही झाली.

अशा विमानबांधकाला पत्रा कापणे, रिव्हेट मारणे, इंजिन बसवणे ही कामे अवघड जात नाहीत असे नव्हे. पण ती डोळ्यांना दिसतात. रिव्हेट वाकडा बसला तर तो वाकडा दिसतो. वीज दिसत नाही. त्यामुळे सांगाडा उभा राहिला, पंख बसले, रंगाचा विचार सुरू झाला, अशा वेळी पुष्कळांची गाडी जी अडते ती तारांपाशी अडते. फलकामागे डोके घालून पाहावे तर शेवयांच्या ताटासारखा प्रकार दिसतो. एक तार ओढावी तर दहा हलतात. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही आपली म्हण तेथे अक्षरशः आठवते.

हा गुंता आला कोठून? 1927 साली चार्ल्स लिंडबर्ग एकट्याने अटलांटिक ओलांडून गेला, तेव्हा वजन वाचवण्यासाठी त्याने रेडिओसुद्धा बरोबर घेतला नव्हता. त्यानंतरच्या दशकात लोकप्रिय झालेल्या पायपर कब या छोट्या विमानात बहुधा बॅटरीच नसे. पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करीत. इंजिनातील ठिणगी मॅग्नेटो नावाचे यंत्र स्वतःच निर्माण करी, म्हणून बाहेरच्या विजेची गरज भासत नसे. पुढे रेडिओ आला, मग दिवे आले, स्टार्टर आला. विमानतळावरच्या रडारला उत्तर देणारा ट्रान्स्पाँडर आला. आज तर छोट्या विमानातही गोल काट्यांच्या जागी रंगीत पडदे असतात, उपग्रहांवरून स्थान सांगणारे यंत्र असते, प्रत्येक सिलिंडरचे तापमान मोजणारे तंतू असतात, स्वयंचलित सुकाणू असते. अमेरिकेत 1 जानेवारी 2020 पासून बहुतेक नियंत्रित आकाशात आपले स्थान सतत प्रक्षेपित करणारे यंत्रही सक्तीचे झाले आहे. यातले प्रत्येक उपकरण आपापल्या जागी उपयुक्त आहे. अडचण त्यांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यांची आहे.

साधा हिशेब पाहा. सहा उपकरणे एका फलकावर असली आणि प्रत्येकाला दुसऱ्या प्रत्येकाशी बोलायचे असले, तर पंधरा जोड्या होतात. उपकरणे दहा झाली की जोड्या पंचेचाळीस होतात. प्रत्यक्षात प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलावे लागत नाही हे खरे. पण उपकरणे दुप्पट झाली की तारा दुपटीहून कितीतरी अधिक वाढतात, हा बांधणाऱ्याचा अनुभव या हिशेबातून समजतो.

गुंता सोडवायचा तर आधी त्यातले धागे ओळखावे लागतात. विमानातल्या तारा तीन जातींच्या असतात. पहिली जात उपकरणाकडे वीज नेणारी, दुसरी ती वीज बॅटरीकडे परत आणणारी आणि तिसरी निरोप नेणारी. तिन्ही दिसायला सारख्या असल्या तरी प्रत्येकीचे दुखणे निराळे आहे आणि म्हणून उपायही निराळे आहेत.

वीज नेणाऱ्या तारेपासून सुरुवात करू. तारेची जाडी अमेरिकन क्रमांकाने सांगतात आणि त्यात गंमत अशी की, क्रमांक जितका लहान तितकी तार जाड. छोट्या विमानात सर्वांत जास्त वापरली जाणारी तार 22 क्रमांकाची. तिचा रोध दर मीटरला साधारण 0.053 ओहम असतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण पंखाच्या टोकाशी असलेल्या, 3 अँपिअर वीज घेणाऱ्या दिव्याला जाण्याचे पाच मीटर आणि येण्याचे पाच मीटर अशी दहा मीटर तार लागली, तर एकूण रोध 0.53 ओहम होतो आणि चौदा व्होल्टांपैकी सुमारे दीड व्होल्ट वाटेतच खर्च होतात. म्हणजे तारेची जाडी केवळ ती तापेल की नाही एवढ्यावर ठरत नाही, लांबीवरही ठरते. उलट ‘असू दे जाड’ म्हणून सगळीकडे जाड तार वापरली तर नाकापेक्षा मोती जड अशी अवस्था होते, कारण विमानात प्रत्येक ग्रॅम उचलून न्यावा लागतो.

येथेच फ्यूजविषयीचा एक सार्वत्रिक गैरसमज दूर करायला हवा. फ्यूज उपकरणाच्या रक्षणासाठी असतो असे आपण घरीही समजतो. वस्तुतः तो तारेच्या रक्षणासाठी असतो. 22 क्रमांकाच्या तारेला 5 अँपिअरचा फ्यूज लावतात, तो ती तार कोठे घासून सांगाड्याला टेकली तर तापून पेटू नये म्हणून. ही गोष्ट ध्यानात आली की, दोन निष्कर्ष आपोआप निघतात. फ्यूज हा विजेच्या पट्टीपाशी, म्हणजे तारेच्या उगमाशी असला पाहिजे. उपकरणापाशी ठेवला तर मधली सगळी तार उघडी पडते. दुसरे असे की, फ्यूज उडाला तर हवेत असताना तो पुनःपुन्हा बदलण्याचा खटाटोप करू नये. उडालेला फ्यूज हा एक निरोप आहे. तो जमिनीवर उतरून वाचावा.

आता परतीच्या तारा. मोटारीचे मेकॅनिक ज्याला ‘बॉडी अर्थ’ म्हणतात ती पद्धत ॲल्युमिनिअमच्या विमानातही चालते. सांगाड्यालाच परतीची वाट समजायचे. काचतंतूंच्या विमानात मात्र सांगाडा वीज वाहत नाही, म्हणून परतीची तारही ओढावी लागते. दोन्हीकडे एक पथ्य सारखेच आहे. फलकावरच्या सर्व उपकरणांच्या परतीच्या तारा एकाच ठिकाणी, एकाच पितळी पट्टीवर आणून जोडाव्यात. असे न करता एकाची परत डावीकडच्या स्क्रूला, दुसऱ्याची उजवीकडच्या बोल्टला अशी केली, तर दोन ठिकाणांमध्ये अल्पसा विद्युद्दाब राहतो आणि तो ध्वनीच्या तारांत शिरतो. मग वैमानिकाच्या कानात इंजिनाच्या गतीबरोबर चढणारी-उतरणारी एक बारीक शिट्टी ऐकू येऊ लागते. ही अल्टरनेटरची शिट्टी. पुष्कळ लोक ती घालवण्यासाठी निरनिराळे फिल्टर विकत घेऊन बसवतात. दुखणे बहुतेक वेळा परतीच्या वाटेत असते. वाट एक केली की शिट्टी थांबते. त्याच कारणाने हेडफोनची खाच धातूच्या फलकात बसवताना मध्ये अवाहक वायसर घालतात आणि ध्वनीच्या तारेवरचे जाळीदार कवच एकाच टोकाला अर्थ करतात, दोन्ही टोकांना नाही.

तिसरी जात निरोप नेणाऱ्या तारांची, आणि खरी सोपेपणाची क्रांती झाली ती येथे. एकच उदाहरण देतो. विमान किती उंचीवर आहे हे ट्रान्स्पाँडरने रडारला सांगायचे असते. जुन्या पद्धतीत उंची मोजणारी पेटी ही माहिती नऊ-दहा समांतर तारांतून पाठवी. प्रत्येक तार चालू किंवा बंद. त्या चालू-बंदच्या जुळणीतून शंभर-शंभर फुटांच्या पायऱ्यांनी उंची कळे. यातली एक तार तुटली तर काय होई? यंत्र बंद पडत नसे. ते चुकीची उंची सांगत राही, आणि वैमानिकाच्या समोरचे उंचीमापक मात्र बरोबर असल्याने त्याला त्याचा पत्ताही नसे. आता हीच माहिती एका तारेतून, एकामागून एक अंक पाठवून कळवतात. नऊ-दहा तारांच्या जागी एक तार आली, वजन घटले, श्रम घटले. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती तार तुटली तर माहिती चुकीची होत नाही, माहिती येईनाशी होते. गप्प बसणारा साक्षीदार खोटे बोलणाऱ्यापेक्षा बरा.

याच विचाराचा पुढचा टप्पा म्हणजे सामाईक तारजोडी. जर्मनीतील बॉश कंपनीने 1986 साली मोटारगाड्यांसाठी अशी एक पद्धत जाहीर केली; तिला कॅन बस म्हणतात. तिच्यात एकमेकींभोवती पीळ घातलेल्या दोनच तारा सर्व उपकरणांजवळून फिरतात आणि प्रत्येक उपकरण त्यांवर आपला निरोप टाकते, ज्याला हवा तो उचलतो. चावडीवर दवंडी द्यावी तसा हा प्रकार. निरोप दोन तारांमधील फरकावरून वाचतात. बाहेरचा विद्युत्-गोंगाट पिळामुळे दोन्ही तारांत सारखाच शिरतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. या जोडीच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोध जोडतात. म्हणून सगळे उपकरण बंद ठेवून दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावला तर 60 ओहम दिसायला हवेत. 120 दिसले तर एका टोकाचा रोध राहून गेला आहे, आणि 40 दिसले तर कोणीतरी एक जादा बसवला आहे. दहा मिनिटांचे शोधकाम एका मापात उरकते. सोपेपणा म्हणतात तो हाच: जे बांधले ते तपासताही येणे.

आणखी एक मार्ग अलीकडे लोकप्रिय आहे. फलकामागे मधोमध एक जोडपेटी बसवायची, प्रत्येक उपकरणापासून कारखान्यातून तयार होऊन आलेली केबल आणून तिच्यात खोचायची आणि कोणती तार कोणाला मिळायची ही सारी जुळणी पेटीच्या आत ठेवायची. ज्या माणसाने आयुष्यात हातात क्रिंपचा पकड धरला नाही, त्याला यात मोठा दिलासा आहे. रेडिओ बदलायचा झाला तर एकच केबल बदलावी लागते. पण येथे सावध व्हायला हवे. गुंता नाहीसा झाला की पेटीत झाकला गेला, हे विचारले पाहिजे. पेटीचा एक सांधा सैल झाला तर किती उपकरणे एकदम गप्प होतील? पेटीच्या आतला नकाशा बांधणाऱ्याजवळ आहे काय? तारा थोड्या होणे आणि रचना सोपी होणे या दोन गोष्टी पुष्कळदा बरोबर येतात, पण त्या एकच नाहीत.

हा भेद जीवावर कसा बेततो याचे मोठे उदाहरण प्रवासी विमानांच्या इतिहासात आहे. 2 सप्टेंबर 1998 रोजी स्विसएअरचे 111 क्रमांकाचे उड्डाण न्यूयॉर्कहून जिनीव्हाला निघाले आणि कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. विमानातले सर्व 229 लोक मृत्युमुखी पडले. आग वैमानिककक्षाच्या छतामागे लागली होती. प्रवाशांच्या करमणुकीसाठी मागाहून बसवलेल्या यंत्रणेच्या वीजतारेत उडालेल्या ठिणगीचा तिच्याशी संबंध असावा आणि भोवतालच्या सहज पेटणाऱ्या आवरणाने ती पसरली, असा तपासाचा निष्कर्ष होता. पण त्या तपासात आणखी एक गोष्ट उघड झाली. धूर दिसला की प्रवासीकक्षाची वीज तोडण्यासाठी जो खटका होता, त्या खटक्याने ही करमणुकीची यंत्रणा बंदच होत नव्हती. मागाहून केलेल्या जोडणीने मूळ रचनेतला अर्थ मोडला होता. खटक्यावर लिहिलेले एक आणि खटक्याने होणारे दुसरे, असे झाले की वायरिंग कितीही नीटनेटके दिसो, ते सोपे नव्हे.

म्हणून घरी विमान बांधणाऱ्याने तारा कापण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: रात्रीच्या वेळी, ढगात, अल्टरनेटर बंद पडला तर मी काय करणार? याचे उत्तर रचनेतच असले पाहिजे. अमेरिकेतील बॉब नकल्स यांनी हौशी बांधकांसाठी एक योजना लोकप्रिय केली आहे. विजेची एक मुख्य पट्टी असते, तिच्यावर सारे काही. शेजारी एक छोटी पट्टी, तिच्यावर सुखरूप उतरण्यास जेवढे लागते तेवढेच: एक रेडिओ, एक पडदा, फलकावरचा मंद दिवा. या छोट्या पट्टीला वीज दोन वाटांनी मिळते. एरवी मुख्य पट्टीकडून एकदिश डायोडमधून, आणि संकटात थेट बॅटरीकडून एका स्वतंत्र खटक्याने. हिशेब करून पाहा. सोळा अँपिअर-तासांची बॅटरी आहे आणि सगळी उपकरणे मिळून 20 अँपिअर घेतात, तर ती कागदावर अठ्ठेचाळीस मिनिटे पुरेल. बॅटरी जुनी होऊन निम्मी उरली असेल तर चोवीस. छोटी पट्टी 4 अँपिअर घेते, तर तीच निम्मी बॅटरी दोन तास पुरते. चोवीस मिनिटे आणि दोन तास यांतला फरक म्हणजे गडबडीत शोधलेले शेत आणि शांतपणे गाठलेला विमानतळ यांतला फरक. आणि वैमानिकाला करायचे काय? छोट्या पट्टीचा खटका चालू, मुख्य खटका बंद. दोन हालचाली, पाठ करायला सोप्या. मात्र ज्या इंजिनात मॅग्नेटोच्या जागी विजेवर चालणारी ठिणगी बसवली आहे, तेथे ती बॅटरीपासून स्वतंत्र वाटेनेच घेतली पाहिजे. कारण तेथे तार तुटणे म्हणजे इंजिन थांबणे.

कारागिरीच्या बाबी थोडक्यात सांगतो. विमानातल्या तारेवरचे आवरण घरातल्या तारेसारखे पीव्हीसीचे नसावे, कारण ते पेटले की विषारी धूर होतो. टेफझेल नावाचे आवरण 150 अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेसाठी असते. तारेचे टोक शक्यतो योग्य पकडीने क्रिंप करावे. डाग दिला तर शिसे-कथील धाग्यांत वर चढते, तेथे तार ताठ होते आणि थरथरीने नेमकी तेथे तुटते. तारांच्या जुड्या पत्र्याच्या धारेवरून जात असतील तेथे रबरी कडे घालावे. मेण लावलेल्या दोऱ्याने जुडी बांधण्याची जुनी रीत अंतराळयानांतही चालू आहे, ती काही उगीच नव्हे. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची कापलेली टोके हात ओरबाडतात, दोऱ्याची गाठ ओरबाडत नाही.

आणि सर्वांत स्वस्त पण सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे कागद. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांक असावा आणि त्या क्रमांकाचा एक नकाशा असावा. एअरबस कंपनीच्या ए-380 या अजस्र विमानात पाचशे किलोमीटरांहून अधिक तारा आहेत; 2006 साली त्या विमानाला जो मोठा विलंब झाला, त्याचे एक मुख्य कारण हँबर्ग आणि तुलूझ येथील कार्यालये नकाशे काढण्याच्या एकाच संगणकप्रणालीच्या दोन निरनिराळ्या आवृत्त्या वापरत होती आणि तयार झालेल्या तारांच्या जुड्या जागेवर बसेनात, हे होते. जेथे हजारो अभियंते आहेत तेथे नकाशाचे हे महत्त्व, मग एकट्या बांधकाची कथा काय?

एकटा बांधक म्हणतो, ‘नकाशा कशाला? माझ्या डोक्यात आहे सगळे.’ पण विमान त्याच्याजवळच राहील असे नाही. प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर 12 ऑक्टोबर 1997 रोजी कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात विमान कोसळून मरण पावला. विमान घरी बांधलेले होते, पण बांधणारा तो नव्हता. त्याने ते नुकतेच घेतले होते. मूळ आराखड्यात हाताशी असलेला पेट्रोलच्या टाक्यांचा खटका बांधणाऱ्याने वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेऊन बसवला होता. टाकी बदलण्यासाठी मागे वळताना विमानावरचा ताबा सुटला, असे तपासात दिसून आले. तो खटका विजेचा नव्हता हे खरे. पण बांधणाऱ्याला जी जागा सोयीची वाटली ती दुसऱ्याच्या जीवावर बेतली, हा धडा तारांनाही तंतोतंत लागू आहे.

तेव्हा सोपेपणाची कसोटी तारा मोजून होत नाही. आपण बांधलेल्या रचनेचा नकाशा एका पानावर मावतो काय? कोणतीही एक तार तुटली तर काय बंद पडेल आणि काय चालू राहील हे आधी सांगता येते काय? खटक्यावर जे लिहिले आहे तेच त्या खटक्याने होते काय? आणि आपल्या पश्चात एखादा अनोळखी माणूस टॉर्च घेऊन त्या फलकामागे डोकावला, तर त्याला आपली मदत मिळेल काय? या चार प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर देता आले की, तारा चाळीस असोत की चारशे, ते विमान सोपे आहे असे खुशाल समजावे. न देता आले तर त्या संध्याकाळी विमान हँगरमध्येच ठेवावे, एक कोरा कागद घ्यावा आणि पहिली रेघ बॅटरीपासून ओढायला सुरुवात करावी.